कोठीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?

"आज्जी, तुझी जन्मतारीख कुठली? शाळेतली नको, खरी सांग."

२०२२ मधली गोष्ट. माझ्या पुतण्याची मुलगी वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या संसदेतल्या एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात काम करते. जन्म न्यू जर्सीचा, म्हणजे जन्मापासून अमेरिकन नागरिक. सरकारचे गुप्त कागद वाचायचे तर तिकडे 'सिक्युरिटी क्लिअरन्स' लागतो, त्याचा अर्ज ती भरत होती. आमच्या पिढीतले निम्मे लोक एक जूनला जन्मलेले आहेत (हेडमास्तरांची कृपा!) हे तिला तिच्या बाबाने सांगून ठेवलं होतं, म्हणून 'खरी सांग'.

मी म्हटलं, नोकरी तुझी, मग माझी जन्मतारीख कशाला? तेव्हा कळलं, की त्या अर्जात मी एक 'परदेशी संपर्क' आहे.

अर्जाचं नाव एसएफ ८६. भरायला घेतला की शंभराच्या वर पानं. कुठे राहिलात, कुठे शिकलात, कुणाकडे नोकरी केलीत, कर्ज किती, हप्ते थकलेत का, नशापाणी, पोलीसकेस, परदेशप्रवास. एका भागात आईवडील, भावंडं, सासूसासरे यांची माहिती. दुसऱ्या भागात असे परदेशी नागरिक, ज्यांच्याशी गेल्या सात वर्षांत तुमचा जवळचा किंवा सततचा संबंध आहे आणि तो आपुलकीने, प्रभावाने, समान हितसंबंधाने किंवा बांधिलकीने जुळलेला आहे. सरकारी अर्जात 'आपुलकी' विचारतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडे आयुष्यभर इतके अर्ज भरले, कुणी कधी विचारली नाही.

मग प्रश्न. पहिला संपर्क कधी? (तिला सहा महिन्यांची असताना पुण्याला आणली होती तेव्हा. संपर्क म्हणजे तिने माझ्या साडीवर दूध ओकलं.) संपर्काचं साधन? व्हॉट्सअ‍ॅप. किती वेळा? दर रविवारी, गणपतीत रोज. परदेशी सरकारशी काही संबंध? झालं! एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, पेन्शन सरकारी. पोरीने सगळं जसंच्या तसं लिहिलं. घरात मला पुढे महिनाभर 'रॉ'ची एजंट म्हणत होते.

थट्टा झाली, पण मला त्या चौकशीचा राग आला नाही. चारित्र्याचा दाखला कसा देतात हे मी चांगलं जाणते. शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'वर्तणूक' असा रकाना असतो आणि तिथे आम्ही 'चांगली' असं लिहितो. सगळ्यांची चांगली. खिडकीच्या काचा फोडणाऱ्याचीही चांगली. पोराचं पुढचं शिक्षण आपल्या शाईपायी अडू नये, एवढाच हेतू. पण देशाची गुपितं ज्याच्या हातात द्यायची त्याच्या बाबतीत असल्या दाखल्यावर कसं भागेल? कर्जबाजारी माणूस विकला जाऊ शकतो, लपवाछपवी करणाऱ्याला कुणी धमकावू शकतं. परदेशात म्हातारी आजी असणाऱ्याला त्या आजीवरून दबाव आणता येतो, हेही खरंच आहे. तेव्हा विचारा. शंभर पानं विचारा.

(एक मात्र सांगायला हवं. इतकं खाजगी विचारून घेतलेलं ते जपलं नाही. २०१५ मध्ये उघड झालं, की अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्याच्या संगणकांतून २ कोटी १५ लाख लोकांची अशी माहिती चोरीला गेली होती, त्यात ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते. गुपितं सांभाळायला लायक कोण हे ठरवणाऱ्या खात्याचीच कोठी उघडी!)

असो. मला खटकलं ते वेगळंच. मी तिला विचारलं, "तुझ्या साहेबांनीही हा अर्ज भरला असेल ना?" तर म्हणाली, "नाही, त्यांना लागत नाही."

लोकप्रतिनिधीला क्लिअरन्स लागत नाही. तो निवडून आला, हीच त्याची परवानगी. आपले श्री ठाणेदार घ्या. बेळगावात वाढले, 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचं पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. २०२२ मध्ये ते मिशिगनमधून हाऊसवर, म्हणजे त्यांच्या खालच्या सभागृहावर, निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. त्यांना कुणी शंभर पानांचा अर्ज देऊन बेळगावातल्या नातेवाइकांची यादी मागत नाही. हाऊसच्या नियमाप्रमाणे १९९५ पासून सदस्याने गुप्तता राखण्याची शपथ घ्यायची असते, तेवढी घेतली की झालं. पण त्यांच्या कार्यालयात उद्या कोणी बेळगावचीच पोरगी मदतनीस म्हणून लागली आणि तिला गुप्त कागद पाहायचा असला, तर तिला सगळं भरावं लागेल.

ऐकायला अन्याय वाटतो, पण सदस्याला दिलेली ही मोकळीक मला पटते. निवडलेल्या माणसाला 'तू लायक नाहीस' म्हणण्याचा अधिकार सरकारी खात्याला दिला, तर सरकार आपल्या टीकाकारांनाच दाराबाहेर ठेवेल. लोकांनी निवडलं, लोक काढतील. मला पटत नाही ते पुढचं. सदस्याच्या मदतनिसांना मोजूनमापून, हात आखडून परवानगी देतात, ते.

हाऊसच्या सदस्याला अठरा पूर्णवेळ माणसं ठेवता येतात. त्यातल्या दोघांनाच क्लिअरन्स मिळू शकतो, तोही 'टॉप सिक्रेट' या पायरीपर्यंत. त्याच्या पलीकडे आणखी एक कप्पा असतो, त्याला एससीआय म्हणतात. हेरांनी आणलेली, फोन आणि उपग्रह यांतून टिपलेली माहिती त्यात असते. युद्ध करायचं की नाही, पाळत ठेवायची की नाही, याचा खरा मालमसाला बहुधा तिथेच. समित्यांच्या कर्मचाऱ्यांतल्या काहींना तो कप्पा उघडतो. सदस्याच्या स्वतःच्या माणसाला मात्र तो बंदच असे. सेनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, २०२१ मध्ये ठरवलं की प्रत्येक सेनेटरच्या स्वतःच्या कार्यालयातल्या एकाला तरी ही परवानगी मिळू शकेल. एकाला! तरी ती सुधारणा म्हणून नावाजली गेली.

तुम्ही म्हणाल, सदस्याला वाचता येतं ना, मग मदतनीस कशाला? ज्यांनी कधी मोठी शाळा चालवली आहे त्यांना विचारा. मुख्याध्यापकाच्या सहीने सगळं जातं, पण परिपत्रकाच्या सतराव्या ओळीत काय दडलंय हे बघणारा कारकून नसेल तर मुख्याध्यापक कागदावर नुसती कोंबडी काढतो. सदस्याला दिवसात दहा सभा, मतदारसंघात फेऱ्या, निवडणुकीचा निधी. तो कागद वाचेल कधी, आणि वाचला तरी त्याच्याशी त्यावर बोलणार कोण?

यामुळे काय होतं ते २००२ मध्ये दिसलं. इराकवर युद्धाचा ठराव अमेरिकेच्या संसदेपुढे होता. गुप्तचर संस्थांनी इराकच्या शस्त्रांविषयी नव्वदच्या वर पानांचा एक गुप्त अहवाल केला होता. तो कुलूपबंद खोलीत ठेवला होता, सदस्यांनी तिथे जाऊन वाचायचा. पुढे २००४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं, की सुरुवातीच्या पाच पानांच्या सारांशापुढे वाचणारे सेनेटर सहापेक्षा जास्त नव्हते. आणि आतल्या पानांत काय होतं? इराक पुन्हा अणुबॉम्बच्या मागे लागलाय हे परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाला मान्य नव्हतं. वैमानिकाशिवाय उडणाऱ्या विमानांबद्दलचा निष्कर्ष हवाई दलाला मान्य नव्हता. घरातल्याच माणसांचे मतभेद, लेखी! लोकांसाठी जी पुस्तिका काढली तिच्यात ते मतभेद आले नाहीत. बॉब ग्रॅहम हे सेनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष, त्यांनी अहवाल वाचला होता आणि ठरावाच्या विरोधात मत दिलं. ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला.

सगळ्यांनी वाचला असता तर युद्ध टळलं असतं, असं मी म्हणत नाही. राजकारणाची हवाच तशी होती. पण शंभर सेनेटरांपैकी प्रत्येकाकडे एक असा माणूस असता, की जो दिवसभर त्या खोलीत बसून वाचेल आणि येऊन सांगेल, "साहेब, अमुक पानावर आपल्याच खात्याने नाही म्हटलंय, तेवढं तरी बघून या", तर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं नंतर म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

दुसरी गोष्ट मला त्याहून लागते. १७ जुलै २००३. जे रॉकफेलर तेव्हा त्याच समितीचे उपाध्यक्ष, म्हणजे विरोधी पक्षाचे तिथले प्रमुख. त्यांना आणि अगदी मोजक्या नेत्यांना बोलावून उपाध्यक्ष चेनी यांच्यासमोर एका गुप्त कार्यक्रमाची माहिती दिली गेली. न्यायालयाच्या परवानगीवाचून फोन आणि ईमेल टिपण्याचा तो कार्यक्रम. अट अशी, की कुणाशी बोलायचं नाही. स्वतःच्या वकिलाशी नाही, क्लिअरन्स असलेल्या कर्मचाऱ्याशीही नाही. रॉकफेलर यांनी त्याच दिवशी चेनींना पत्र लिहिलं. हाताने लिहिलं, टाइप करायला देणार कुणाला? पत्राचा मथितार्थ असा: मी तंत्रज्ञ नाही, वकील नाही, कुणाचा सल्ला घेता येत नाही, त्यामुळे हे जे ऐकलं त्याचं मूल्यमापनही मला करता येत नाही, मग मान्यता कशी देऊ? एक प्रत त्यांनी मोहोरबंद करून समितीच्या सुरक्षित जागेत ठेवली. तो कार्यक्रम डिसेंबर २००५ मध्ये वृत्तपत्राने फोडला तेव्हा त्यांनी ते पत्र बाहेर काढलं.

अमेरिकेतल्या अत्यंत श्रीमंत, वजनदार घराण्यातला सेनेटर, पण त्या पत्रातलं अक्षर बघून मला परीक्षेच्या वर्गात एकटा बसवलेला मुलगा आठवतो. पुस्तक नाही, शिक्षक नाही, शेजारी नाही आणि प्रश्नपत्रिका परक्या विषयाची. सरकारला तरीही नंतर म्हणता येतं, "आम्ही संसदेला सांगितलं होतं."

आता माणसं नीट दिली तर काय होतं, त्याचाही दाखला आहे. सीआयएने कैद्यांचा छळ केला, त्याचा तपास त्याच समितीच्या कर्मचाऱ्यांनी २००९ पासून केला. प्रमुख होते डॅनिअल जोन्स. एफबीआयमध्ये काम केलेले, आणि त्याआधी बाल्टिमोरच्या शाळेत शिकवलेले. (शाळामास्तर म्हटलं की मला अंमळ अभिमान वाटतो, चालवून घ्या.) साठ लाखांवर पानं या लोकांनी चाळली आणि ६,७०० हून अधिक पानांचा अहवाल लिहिला. त्याचा पाचशेवर पानांचा सारांश डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाही निवडून आलेल्या माणसाच्या हातून हे झालं नसतं. हे कारकुनी काम आहे, आणि कारकुनी काम हेच लोकशाहीचं निम्मं काम आहे.

पण बसायची जागा कुणाची? सीआयएने व्हर्जिनियात दिलेली. संगणक कुणाचे? सीआयएने पुरवलेले. मार्च २०१४ मध्ये समितीच्या अध्यक्ष डायान फाइनस्टाइन यांनी भर सभागृहात सांगितलं, की सीआयएने आमच्या लोकांचे संगणक चाळले, आणि वर आमच्याच लोकांची न्यायखात्याकडे तक्रार केली. जुलैमध्ये सीआयएच्या अंतर्गत तपासात ते चाळणं खरं निघालं, तेव्हा संस्थेचे प्रमुख ब्रेनन यांना माफी मागावी लागली.

जुन्या घरात कोठीच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला असायच्या. सून कितीही कर्ती असो, साखर हवी तर मागावी लागे, आणि सासूबाईंचं बिनसलं की चहा बिनसाखरेचा. तसं हे आहे. संसदेच्या कर्मचाऱ्यांची चौकशी करायची सरकारच्या यंत्रणेने, पात्र-अपात्र ठरवायचंही बहुतांशी तिनेच. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही आणि गुपितांवरचा अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या सेनापतिपदातून येतो, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदलाच्या एका खटल्यात म्हणून ठेवलंय. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्याकडूनच चष्मा मागून घ्यायचा!

सासूबाईंच्या माहेरच्यांना मात्र कोठी उघडी. २० जानेवारी २०२५ ला, सत्तेवर आल्या दिवशीच, ट्रम्प यांनी आदेश काढला, की चौकशा तुंबल्या आहेत तेव्हा आपल्या कार्यालयातल्या यादीतल्या लोकांना सहा महिन्यांपर्यंत टॉप सिक्रेट आणि एससीआय दोन्ही तात्पुरतं देऊन टाका. अर्ज, चौकशी मागाहून. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुप्तचर विभागाच्या प्रमुखांनी ३७ आजी-माजी अधिकाऱ्यांचे क्लिअरन्स काढून घेतले, त्यात एका विरोधी सेनेटरच्या कार्यालयातल्या सल्लागाराचंही नाव होतं. त्या सल्लागाराची बाजू मला माहीत असायचं कारण नाही. पण विरोधकाचा वाचणारा माणूस सरकारच्या एका सहीने आंधळा करता येतो, हे मात्र त्या दिवशी कळलं.

आमच्या घरातल्याच एका निवृत्त बँक मॅनेजरांचं (नाव घेत नाही, वाचतीलच) म्हणणं, की जास्त लोकांना दाखवलं की गुपितं फुटणारच. फुटतात. सेनेटच्या गुप्तचर समितीचा सुरक्षा अधिकारी जेम्स वुल्फ, सुमारे तीस वर्षं कागद सांभाळणारा, २०१८ मध्ये पकडला गेला. पत्रकारांशी असलेल्या संबंधांबद्दल एफबीआयशी खोटं बोलल्याचं त्याने कबूल केलं आणि त्याला दोन महिने कैद झाली. बरोबर झालं. पण मोठ्या चोऱ्यांची यादी काढा. एम्स सीआयएतला, हॅन्सन एफबीआयतला. २०२३ मध्ये युक्रेनयुद्धाचे कागद गप्पांच्या गटात टाकणारा जॅक टेशेरा हवाई दलाच्या राखीव तुकडीतला एकवीस वर्षांचा पोरगा. त्याला टॉप सिक्रेट आणि एससीआय दोन्ही होतं! एकवीस वर्षांच्या शिपायाला जे दिसतं, ते सात लाखांहून अधिक लोकांच्या प्रतिनिधीच्या अनुभवी मदतनिसाला दिसू नये, याला काय म्हणायचं?

आपल्याकडे काय आहे असं कुणी विचारेल म्हणून थोडक्यात. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आयबी आणि रॉ यांच्यावर देखरेख करणारी संसदेची समितीच नाही. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. जिथे खासदारालाच कोठी माहीत नाही, तिथे त्याच्या मदतनिसाच्या किल्लीचं काय बोलायचं? म्हणून अमेरिकेकडे बघून नाक मुरडायचा आपल्याला अधिकार कमीच.

आमच्या पोरीला परवानगी मिळाली की नाही, मी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारू नयेत. पण तिच्या कार्यालयातल्या दोन जागा आणि बंद कप्पा हे काही माझ्या डोक्यातून जाईना. मला विचाराल तर अर्ज आहे तसाच ठेवा, माझी जन्मतारीख सुद्धा विचारा. फक्त पात्र ठरलेल्याला परवानगी द्यायचा आणि ती काढायचा शेवटचा शब्द संसदेचा असू दे, आणि सेनेटसारखं हाऊसमध्येही प्रत्येक सदस्यामागे निदान एकाला तो शेवटचा कप्पा उघडू दे.

मॅनेजरसाहेबांसाठी हिशोब. २०१७ च्या सुमाराला अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या पायरीचा क्लिअरन्स असलेले लोक, सैनिक आणि कंत्राटदार धरून, चाळीस लाखांच्या घरात होते. हाऊसचे मतदानाचा हक्क असलेले सदस्य ४३५. म्हणजे मी मागते आहे ती वाढ ४३५ माणसांची, दहा हजारांमागे एकाचीच.